शेकाला निघालेले कांदे

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या सरांचा उजवा अंगठा बारमाही लाल असायचा. कांद्याच्या मुळाचं टोक कापायचं, काचपट्टीवर ठेवायचं, लाल रंगाचा थेंब टाकायचा, वर पातळ काच ठेवायची आणि टिपकागदावरून अंगठ्यानं दाबायचं. मग पेशी पसरतात आणि मायक्रोस्कोपखाली एकेक सुटी दिसते. इतर प्राध्यापक हे काम वर्षातून एकदा, प्रॅक्टिकलच्या परीक्षेपुरतं करत. सर रोज करत, त्यामुळे रंग कातडीत मुरला होता. पगाराच्या दिवशी हेडक्लार्क दरवेळी म्हणायचे, "सर, सही कशाला करता, आंगठाच लावा की. शाई तयारच हाय." पोरांनी त्यांचं नाव अंगठेबहाद्दर पाडलं होतं. विद्यापीठात पहिल्या वर्गात आलेला माणूस आणि नाव अंगठेबहाद्दर. सरांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, मनातून आवडतही होतं.

मी नांदेडहून तिथं डेमॉन्स्ट्रेटर म्हणून रुजू झाले तेव्हा लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. जिकडंतिकडं नव्या पाट्या, नवे साहेब, भाड्याच्या घरात भरलेली नवी हापिसं. आमचे प्राचार्य प्रत्येक मीटिंगमध्ये सांगायचे की आता आपण तालुक्याचं कॉलेज राहिलो नाही, काहीतरी जिल्ह्याला साजेसं केलं पाहिजे. पण पाऊस त्या सालीही पाठ फिरवून गेला होता आणि दिवाळीतच विहिरी खडखडीत झाल्या होत्या. एका मीटिंगमध्ये सर शांतपणे म्हणाले, "जिल्हा झाल्याचं नळाला कुणी कळवलं न्हाई वाटतं." प्राचार्यांनी ते इतिवृत्तात घेऊ नये असं सांगितलं.

पहिल्या दिवशी मी लॅबमध्ये गेले तर सर सायकलच्या कॅरिअरवरून कळशी सोडवत होते. हापशावर नंबर लावून आणलेलं पाणी. मला वाटलं, मी नवीन, आता पाणी विचारतील. त्यांनी विचारलं ते असं, "बाई, घरून पाणी पिऊन आलाव का?" मी म्हटलं, हो. "मंग बेस. इथं आधी पेशंट."

पेशंट म्हणजे कांदे. टेबलावर रुंद तोंडाच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या आणि प्रत्येकीच्या तोंडावर एकेक कांदा, बूड पाण्याला टेकेल असा बसवलेला. बुडातून पांढरी मुळं खाली सुटलेली. रोज सकाळी प्रत्येक बाटलीतलं पाणी बदलल्याखेरीज त्या लॅबमध्ये माणसाला घोट मिळत नसे. एकदा खुद्द प्राचार्य उन्हातून आले आणि ग्लास मागून बसले. सरांनी त्यांना थांबवलं, बाटल्या पुऱ्या केल्या, उरलं त्यातलं अर्धा ग्लास पाणी पुढे केलं आणि म्हणाले, "तुमाला स्टाफरूम तरी हाय. ही कुठं जातील?"

सरांचा वर्ण सावळा, अंगानं काटकुळे, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात शर्टाच्या आत लिंग. घराणं उदगीरकडचं, व्यापारी. भावकीत सगळे आडत्याचं नाही तर डाळीचं काम करणारे. हे एकटेच शिकायला गेले आणि शिकतच राहिले. चिडले की कानडीत पुटपुटायचे, आणि काय म्हणालात विचारलं तर म्हणायचे, "काय न्हाई, श्लोक."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "बघितल्याबिगर हाव म्हणू नये, मोजल्याबिगर न्हाई म्हणू नये." वर्गात हे ठीक होतं, पण सर ते घरी आणि बाजारातही पाळत. भाजीवाली म्हणाली वांगी कवळी हायत, तर हे टोपल्याच्या तळातून, मधून आणि वरून एकेक काढून नखानं दाबून पाहत. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा सगळ्यांनी पसंती सांगितली. यांचं मत विचारलं तर म्हणाले, मुलगी छान आहे, पण एका नमुन्यावरून घराण्याबद्दल बोलता यायचं नाही, आणखी कोण कोण आहे घरात? ते लग्न झालं, पण सरांना त्या घरी पुढं कुणी बोलावलं नाही.

आता कांद्याचं कारण सांगते. ते मला त्यांनी सहा-आठ महिन्यांनी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून नाही. एका दुपारी मुळं कापता कापता आपणहूनच बोलायला लागले.

त्यांच्या धाकट्या बहिणीला गालात गाठ झाली होती. सोलापूरच्या रस्त्यानं पुढं गेलं की एका गावात कॅन्सरचं इस्पितळ होतं, तिथं कोबाल्टचं मशीन होतं. आपल्याकडे लोक त्याला शेक म्हणतात. सर रजा टाकून सगळे आठवडे बहिणीसोबत तिथं राहिले. गाठ गेली. पण तोंड आतून सोलून निघालं. पाण्याचा घोटही झोंबायचा. सर ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील करायचे, गार करायचे आणि चमच्या चमच्यानं भरवायचे. मग एक दिवस त्यांनी तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, गाठ जळते ते बरोबर. सोबत बाकीचं का जळतं?

"त्या म्हणाल्या, किरण थेट काही मारत नसतो फार. पेशीत पाणी असतंय, ते फोडतो. पाण्याचं तुकडं मोकाट सुटतात अन् जे समोर दिसंल त्याला चावतात. गुणसूत्राला चावलं की पेशी खलास." सरांनी चिमट्यानं एक मूळ उचललं. "बगा बाई, काय तऱ्हा. इथं पाणी न्हाई म्हणून मरण, अन् तिथं पाणी हाय म्हणून."

आणि मग त्यांच्या डोक्यात आलं की या मोकाट तुकड्यांपुढं दुसरंच काही टाकता आलं तर? पिसाळलेल्या कुत्र्यापुढं भाकर टाकावी तसं. काही झाडांच्या रसात अशी द्रव्यं असतात, ती स्वतः चावून घेतात आणि दुसऱ्याला वाचवतात. आवळ्यात ती भरपूर. सरांनी तुळस धरली, बेल धरला, शेवगा धरला, शेवटी आवळ्यावर आले. माणसावर प्रयोग करायचा त्यांना अधिकार नव्हता. उंदीर पाळायला कॉलेज तयार नव्हतं. राहिला कांदा. त्याच्या मुळाच्या टोकात पेशी सारख्या एकीच्या दोन होत असतात आणि त्या वेळी गुणसूत्रं दोऱ्यांसारखी स्पष्ट दिसतात. तुटली असली तर तुटलेलीही दिसतात.

पण किरण कुठून आणायचे? तर त्याच इस्पितळातून. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली की सगळे रुग्ण आटोपले की शेवटी पाच मिनिटं कांद्यांना.

म्हणून दर पंधरवड्याला सर एस.टी.नं कांदे घेऊन निघायचे. लाकडी खोक्याला कप्पे केलेले, प्रत्येक कप्प्यात बाटली, बाटलीवर कांदा. अर्धे साध्या पाण्यातले, अर्धे आवळ्याच्या रसातले. खोकं मांडीवर घेऊन ते ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसत, कारण तिथं गचके कमी बसतात. दोनदा मीही सोबत गेले. औशाच्या स्टँडवर गाडी थांबली की लोक खिडकीतून डोकावून बघायचे. कंडक्टरनं विचारलं, "सर, हे काय म्हणायचं? विकायला चाललाव का?"

"दवाखान्यात चाललेत," सर म्हणाले.

"काय झालंय त्यान्ला?"

"अजून काही न्हाई. तिथं गेल्यावर होईल."

कंडक्टर आमचं तिकीट फाडून मागच्या बाजूला निघून गेला.

दुसऱ्या खेपेला तर एक म्हातारी शेजारी बसली होती. उन्हाचा कडाका, गाडीत कुणाकडं पाणी नाही. सरांना डुलकी लागली आणि म्हातारीनं एक कांदा अलगद उचलला, बाटलीतलं सगळं प्याली आणि कांदा परत जागच्या जागी ठेवला. मी पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. तोंड आंबट करून ती मला म्हणाली, "पाणी नासलंय बाई तुमचं." सर जागे झाल्यावर त्यांनी रिकामी बाटली पाहिली, म्हातारीकडं पाहिलं आणि अगदी आदरानं विचारलं, "आजी, तुमी आज कुटं शेक घ्यायला तर न्हाई ना चालल्या?" ती लेकीकडं चालली होती. "मंग हरकत न्हाई," सर म्हणाले आणि तो कांदा हिशेबातून वगळला.

मशीन चालवायला तिथं करीमभाई होते, मूळचे उदगीरचे, त्यामुळे सरांचे गाववाले. कांद्यांचं खोकं ते रुग्णाच्या पलंगावर मधोमध ठेवायचे, दिव्याचा चौकोन बरोबर मुळांवर आणायचे आणि जाड दार लावून बाहेर यायचे. बाहेर आल्यावर म्हणायचे, "प्रोफेसरसाब, इतनी खामोशीसे कोई पेशंट नहीं लेटता." मग आम्ही तिघं चहा प्यायचो.

पुढं हिवाळा लागल्यावर निकाल दिसायला लागले. पाण्यातल्या कांद्यांच्या मुळांत तुटलेल्या गुणसूत्रांच्या पेशी कितीतरी, आणि आवळ्यातल्या कांद्यांत जवळजवळ नाहीतच. सरांनी पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्या संध्याकाळी सरांनी मला, शिपायाला आणि वाटेत भेटलेल्या दोन विद्यार्थ्यांना कॉलेजसमोर भजी खाऊ घातली, कांद्याची सोडून.

बातमी प्राचार्यांकडं गेली आणि त्यांना जिल्ह्याला साजेसं जे हवं होतं ते मिळालं. तिथून ती वर्तमानपत्रात गेली. 'लातूरच्या प्राध्यापकाची किरणांवर मात, आवळा ठरला कवच.' कांदा हा शब्द बातमीत सर्वांत शेवटी, एका ओळीत होता. सरांचा सत्कार ठरला, पाहुणे ठरले, मंडप ठरला. सरांचा धाकटा चुलतभाऊ, गोलाईच्या बाजारात त्याचं डाळीचं दुकान, त्यानं सुकवलेल्या आवळ्याची पाकिटं तयार करून त्यावर 'किरणकवच' छापूनही घेतलं. सरांना दाखवायला आला. म्हणाला, "अण्णा, तुमचा फोटू बी टाकू का?"

सर म्हणाले, "माझा कशाला, कांद्याचा टाक. काम त्यानं केलंय." पण त्या दिवशी ते खूश होते. पाकीट हातात घेऊन उलटसुलट करून बघत होते. मी त्यांना पहिल्यांदाच न मोजता काहीतरी मान्य करताना पाहिलं.

त्यानंतर आठवडाभरानं लॅबच्या दारात एक मामा-मामी उभे राहिले. शिरूर अनंतपाळकडची माणसं, शेतकरी. मामांच्या गळ्याला मफलर, आणि आवाज असा की शब्दांपेक्षा हवाच जास्त यावी. मामींच्या हातात वर्तमानपत्राचा तो तुकडा आणि पदरात बांधलेले आवळे. मामांना घशाची गाठ होती. त्याच इस्पितळात शेक चालू होता, अर्धा झाला होता. घसा जळायला लागला तेव्हा कुणीतरी त्यांना बातमी वाचून दाखवली, आणि मामांनी शेक सोडला.

"सोडला?" सर म्हणाले. "कामून?"

मामांनी घोगऱ्या आवाजात, थांबत थांबत समजावलं. "गुर्जी, तुमीच छापलाव. आवळा किरणाला हरवतो. मंग हरणाऱ्याकडं कशाला जायचं? जितणाऱ्याकडंच जावं म्हणलो." आणि हसले. "रोज दहा खाऊन राहिलो. आग बी कमी झाली."

आग कमी होणारच होती, शेक बंद होता. सरांनी स्टूल ओढून मामांना बसवलं, कळशीतलं पाणी ओतून दिलं. कांद्यांचं पाणी त्या दिवशी बदललं नाही. नंतर मामींना विचारलं, "किती रोज झालं जाऊन?"

"लई न्हाई. पण जायचं न्हाई म्हणतेत. तुमी सांगा म्हणूनच आलो."

"उद्या सकाळच्या गाडीनं जायचं," सर म्हणाले. "मी येतो संगं."

"पण आवळा?" मामांनी विचारलं.

"आवळा ऱ्हाऊ द्या. म्या कांद्याचं बघितलं, माणसाचं बघितलं न्हाई. बघितल्याबिगर हाव म्हणलं, ते माझं चुकलं."

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच सर खोकं न घेता त्या गाडीत बसले. मीही गेले, कारण सरांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. डॉक्टरीणबाई मामांना तपासून बाहेर आल्या. रागावल्या असतील असं वाटलं होतं, पण त्या थकल्यासारख्या होत्या. म्हणाल्या, थोडा खंड पडलाय, भरून काढू, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. मग सरांकडं वळल्या.

"सर, एक विचारू? तुमचा आवळा चांगल्या पेशीला वाचवतो असं धरून चाला. गाठीच्या पेशीला नाही वाचवणार हे कशावरून? त्याला काय ओळख पटते का, ही घरची आणि ही बाहेरची?"

सर म्हणाले, "न्हाई पटत."

आम्ही परतीच्या गाडीत बसलो. औसा आलं आणि गेलं. लातूरला उतरल्यावर घरी न जाता ते सरळ लॅबमध्ये गेले, मला म्हणाले, "बाई, जुन्या काचा काढा सगळ्या. आवळा पेशीला नेमकं काय करतो ते बघितलंच न्हाई." ऊन होतं तोवर आम्ही बघत बसलो. या वेळी ते तुटलेली गुणसूत्रं मोजतच नव्हते. ते किती पेशी एकीच्या दोन व्हायला निघाल्यात ते मोजत होते. पाण्यातल्या मुळांत जागोजागी पेशी कामाला लागलेल्या. आवळ्यातल्या मुळांत सगळ्या गप्प. ओळीच्या ओळी नुसत्या बसलेल्या.

मला कळायला क्षणभर लागला. सरांना तोवर कळलं होतं. त्यांनी डोळा मायक्रोस्कोपवरून उचलला आणि कानडीत बराच मोठा श्लोक म्हटला.

मग सत्काराचा दिवस आला. प्राचार्यांना सरांनी आधीच सांगितलं होतं की सत्कार नको, पण मंडप उभा होता, पाहुणे जिल्ह्याच्या ठिकाणी नवीन होते आणि त्यांना सगळ्या ठिकाणी जायचं होतं. प्राचार्य म्हणाले, दोन शब्द बोला आणि बसा. चुलतभाऊ पाकिटांची पेटी घेऊन मंडपाच्या दाराशी बसला होता. सरांना शाल दिली, नारळ दिला. सर माईकपुढं उभे राहिले आणि लाल अंगठ्यानं माईकची मान वाकवली.

"आमच्या भावकीत दालमिली लई हायत," त्यांनी सुरुवात केली. "मिल चालू असली की कुणाचं ना कुणाचं बोट सापडतंय. आता समजा मिल बंद हाय. वर्षभर कुणाचंच बोट सापडलं न्हाई. तर मालकानं पाटी लावावी का, आमची मिल लई सुरक्षित?"

लोक हसले. पाहुणेही हसले.

"म्या ती पाटी लावली. आवळ्याचा रस म्या लई घट्ट केला. त्या आंबट रसानं कांद्याच्या पेशी कामच करायच्या थांबल्या. अन् गुणसूत्र तुटलेलं कवा दिसतं? पेशी कामाला लागली तरच दिसतं. पेशी बंद, म्हणून तूट दिसंना. म्या म्हणलो, वाचल्या." मंडपात आता कुणी हसत नव्हतं. "वाचल्या का न्हाई, मला ठाऊक न्हाई. पेपरात आलेलं खरं धरू नका. आन ज्याला डाक्टरनं शेक सांगितलाय, त्यानं तो पुरा करा. मधी सोडू नका. आवळ्यासाठी तर अजिबात न्हाई."

शाल घडी करून त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरले. प्राचार्यांनी आभार मानले, पण कोणाचे ते त्यांना नीट सांगता आलं नाही. दाराशी चुलतभाऊ पेटी मिटत होता. रागावला होता, तरी सर जवळ आल्यावर म्हणाला, "अण्णा, एक दिवस आधी सांगायचं की. छपाई तरी थांबवली असती." नंतर त्यानं पाकिटांवर दुसरा कागद चिकटवून तोच माल जेवणानंतरची आवळासुपारी म्हणून विकला आणि चांगला खपला. त्यावर किरणांचा उल्लेख नव्हता आणि कांद्याचाही.

कॉलेजात सर बरेच दिवस चेष्टेचा विषय झाले. स्टाफरूममध्ये कुणी काम टाळलं की दुसरा म्हणायचा, आवळा घेतला वाटतं. सर स्वतःच त्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. प्राचार्य मात्र हसले नाहीत. त्यांनी सरांच्या लॅबची दुरुस्ती पुढच्या साली ढकलली, आणि त्याच्याही पुढच्या.

पण त्या आठवड्यांत मला जे दिसलं ते स्टाफरूमला ठाऊक नव्हतं. मामांचा शेक पुरा होईपर्यंत सर सुटीच्या दिवशी आणि जमेल तेव्हा रजा टाकून इस्पितळात जात होते. खोकंही सोबत असे, आता रस ताकाच्या निवळीसारखा पातळ केलेला. कांदे आत गेले की सर तिथल्या धर्मशाळेच्या ओट्यावर स्टोव्ह पेटवून मामांसाठी आंबील करत. घसा आतून सोलला होता; मामा दोन चमचे घेऊन मान हलवायचे. मामी काळजीनं बघत उभ्या. सर म्हणायचे, "एक अजून. मी मोजतोय." मामांनी एकदा खुणेनं विचारलं, किती झाले. "मोजायचं इसरलो," सर म्हणाले, "आता पहिल्यापासून."

मामांची मोठी तक्रार दुखण्याची नव्हती. तोंडाची चव गेली होती. मीठ कळेना, गूळ कळेना. "माती खाल्ल्यागत लागायलंय सगळं," ते म्हणायचे. शेकात असं होतं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं; येईल बहुतेक परत, कधी ते सांगता येत नाही. सर बहिणीचं सांगून धीर द्यायचे. तिला वर्ष लागलं होतं.

पातळ रसाचा निकाल आला तो असा: पेशी कामावर होत्या आणि तुटलेली गुणसूत्रं पाण्यातल्यांपेक्षा थोडी कमी होती. थोडीच. सरांनी ते तीनदा तपासलं. मी म्हटलं, "सर, इतकंच?"

"इतकंच," ते म्हणाले. "पण हाय ते हाय." त्यांनी ते लिहून वनस्पतिशास्त्राच्या एका परिषदेला पाठवलं, आणि शेवटी स्वतःहून एक परिच्छेद घातला की गाठीच्या पेशींनाही हा फायदा होत असेल तर तो फायदा नव्हे, आणि ते कांद्यावरून कळणार नाही. परिषदेतल्या एका मोठ्या माणसानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, एवढं खरं लिहिलं तर पुढं पैसे कोण देणार. सरांनी त्याला घरचा पत्ता विचारून घेतला आणि कांद्याची एक छोटी पिशवी पाठवली. सोबत चिठ्ठी नव्हती. तो काय समजला, कोण जाणे.

त्या उन्हाळ्यात लातुरात पाण्याचे टँकर गल्लोगल्ली फिरले. पावसानं मग बेताची का होईना हजेरी लावली. विहिरींना तळ भिजेल एवढं पाणी आलं. आवळ्याची झाडं कशावरच अवलंबून नसल्यासारखी पुन्हा लगडली.

पुढच्या हिवाळ्यात मामा-मामी परत लॅबच्या दारात आले. मफलर नव्हता. आवाज घोगराच, पण शब्द ऐकू येत होते. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं की गाठ दिसत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा या. मामी म्हणाल्या, जेवण अजून बळंच जातं. चव आली म्हणतेत, पण मला वाटतंय माझं मन राखायला म्हणतेत. मामांनी पिशवीतून आवळे काढून टेबलावर मांडले. बांधावरच्या झाडाचे, मोठाले, पिवळसर.

"गुर्जी," त्यांनी विचारलं, "आता खाऊ का आवळा? शेक तर संपला."

सरांनी एक आवळा हातात घेतला. मला वाटलं, आता ते पातळ रस, घट्ट रस, कांदा आणि माणूस सगळं सांगतील. त्यांनी तो नुसता धोतराला पुसावा तसा पँटला पुसला आणि मामांना दिला. "खा. औषध म्हणून खाऊ नका. आवळा म्हणून खा."

मामांनी चावा घेतला. चेहरा आक्रसला, डोळे मिटले. मामी पुढं झाल्या. मामांनी हातानं त्यांना थांबवलं, चावत राहिले, मग ग्लासाकडं बोट दाखवलं. मी कळशीतलं पाणी ओतून दिलं. एक घोट घेऊन ते थांबले. दुसरा घेतला. मग ग्लास खाली ठेवून मामींकडं बघत म्हणाले, "गोड लागायलंय."

"काय?" मामींनी विचारलं.

"पाणी. गोड लागायलंय."

मामी तिथंच स्टुलावर बसल्या. सर खिडकीकडं तोंड करून उभे होते. बराच वेळ ते बाटल्यांवरचे कांदे उगाच सरळ करत राहिले.